नव्वद व्होल्टांचा रेडिओ

बाबांच्या शेवटच्या संध्याकाळी घरात विशेष असं काहीच घडलं नाही. ते टेबलापाशी सोल्डरिंग करत बसले होते आणि पलीकडे त्यांची लेक पुस्तकात नाक खुपसून "कळलं, कळलं" म्हणत होती.

हा शब्द तिच्या तोंडी लहानपणापासून बसलेला. नोकरी ग्रंथालयात, आणि औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचल्याशिवाय सोडायची नाही. त्यामुळे आपल्याला न कळणारं जगात काही असेल, अशी शंका तिला कधी शिवलीच नव्हती.

बाबांची हयात विमा कचेरीत गेली. रेडिओ हा नुसता नाद. टेबलावरच्या जुन्या रेडिओला नव्वद व्होल्टची बॅटरी लागे आणि ती आता औषधालाही मिळत नसे. म्हणून नऊ व्होल्टांचे नव्वद करणारं यंत्र त्यांनी घरीच मांडलं होतं.

"हा टायमर बघ. कॉइलची वीज सारखी जोडतो नि तोडतो. तोडली की कॉइल चवताळते नि जास्त व्होल्ट फेकते."

"कळलं."

"तिला लगाम हवा. ही लोंबणारी वायर टायमरला सांगणार, नव्वद झाले, आता थांब. ती उद्या जोडतो. तोवर रेडिओ काढून यंत्र एकटं चालवायचं नाही. भार नसला की ते उधळतं. काय कळलं?"

"सगळं."

"धन्य आहात, प्राध्यापकबाई," बाबा हसून म्हणाले. दुसऱ्या दिवशी वायर जोडायला ते उठलेच नाहीत.

महिना गेला. घर इतकं गप्प झालं की फ्रिज घरघरला तरी दोघी मायलेकी दचकत. एका दुपारी आई म्हणाली, "तो रेडिओ लाव ना गं. घरात कुणीतरी बोलू दे."

"हात्तिच्या, यंत्राचा व्होल्टचा एक स्क्रू तर फिरवायचाय!"

तिने काळजी घेतली, हे कबूल करायला हवं. रेडिओ बाबांचा, नाजूक, त्याला धक्का नको. म्हणून आधी त्याच्या वायरी सोडवून तो उशीवर निजवला. मग मीटर लावला आणि यंत्र एकटंच चालू केलं.

काटा नव्वदवर आला. तिची छाती फुगली. काटा तिकडे न बघता पुढे निघाला. तिने व्होल्ट कमीजास्त करायचा स्क्रू डावीकडे पिळला. एकशे वीस. उजवीकडे पिळला. एकशे साठ. लगाम बाजूला लोंबत होता आणि ही रिकाम्या हातांनी घोडा आवरत होती. काटा दावं तोडलेल्या गोऱ्ह्यासारखा सुटला. "थांब म्हणते ना," ती त्याला ग्रंथालयातल्या दबक्या आवाजात म्हणाली.

फाट्‌कन यंत्रातली वीज साठवणारी नळकांडी, कपॅसिटर, फुटला.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "वाजला का गं?"

"वाजला."

आई पदराला हात पुसत आली. खोलीत धूर, आणि लेकीच्या केसांत कपॅसिटरमधल्या चंदेरी कागदाचे कपटे.

"डोळे?"

"चष्मा होता."

"आणि रेडिओ?"

"सुखरूप आहे. झोपलाय."

आईने छताकडे पाहिलं. "लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनीही असाच बार काढला होता. मी म्हणत होते, अहो, कुणाला तरी नीट विचारून घ्या. तर म्हणे, कळलं, कळलं."

लेकीला हसू फुटलं. हसता हसता तिला टेबलाची कड धरावी लागली. आईने बाबांची खुर्ची तशीच ठेवून शेजारचं स्टूल ओढलं आणि बोट दाखवलं. "ही वायर कसली लोंबतेय?"

जिभेवर जुना शब्द तयारच होता. तिने तो गिळला आणि रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मला त्या दिवशी काहीच कळलं नव्हतं. पुन्हा एकदा सांगा ना."