सहावा मुद्दा

गुरुवार, २२ जानेवारी. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सरांनी गाडीच्या हीटरच्या पंख्याचे बटण सातव्यांदा शून्यावर आणले, आणि पंखा सातव्यांदाही फिरतच राहिला. इंजिन बंद होते. किल्ली सरांच्या मुठीत होती. पंखा मात्र निवृत्तीचे पत्र न मिळालेल्या कारकुनासारखा इमानेइतबारे काम करीत होता.

सरांना स्वतःला ते पत्र मिळून अकरा वर्षे झाली होती. त्याआधी तीस वर्षे त्यांनी तंत्रनिकेतनात विजेची यंत्रे शिकवली. त्यामुळे गल्ली त्यांना सर म्हणे आणि त्यांच्या पत्नीला काकू.

"साडेनऊच्या आत बंद करतो," सर म्हणाले. "पंखा चालू राहायला तीनच कारणं असू शकतात. एकेक कारण काढून टाकायचं. उरेल ते खरं."

काकू शाल गुंडाळून पायरीवर उभ्या होत्या. तीन आठवड्यांचा खोकला आवरत त्या म्हणाल्या, "अहो, त्या डॅशबोर्डवर एक थापटी मारून बघा ना. आपला रेडिओ नाही का सुरू व्हायचा?"

यावर सरांनी काकूंना जे सांगितले ते त्यांनी तीस वर्षांत तीस तुकड्यांना सांगितले होते: यंत्राला मारायचे नसते, विचारायचे असते, थापटीने दोष जात नाही, लपतो. काकूंनी हे बत्तीस वेळा ऐकले होते. त्या आत जाऊन सरांचा जाड कोट, स्वेटर आणि मफलर घेऊन आल्या, कारण बाहेर सहा अंश होते आणि आकाश धुतलेल्या पाटीसारखे करडे होते.

एरवी सरांनी या पंख्याला चार दिवस दिले असते. आज तेवढा वेळ नव्हता. डिसेंबरात फाटकाच्या खांबाने गाडीचा डावा दरवाजा खरवडला होता. सर तसेच म्हणत, खांबाने. मुलीचे मत वेगळे होते. ती एका शाळेची मुख्याध्यापिका, आणि निकाल राखून ठेवणे तिच्या स्वभावात नव्हते. तिने फोनवर सांगितले होते की गुरुवारी ती अर्ध्या दिवसाची रजा काढील, बाबांनी साडेदहाला तिला शाळेतून घ्यावे, तिघांनी मिळून मावशीकडे जावे, आणि परत आल्यावर किल्ली कोणाकडे राहील ते ती ठरवील.

मावशी म्हणजे काकूंची थोरली बहीण, अक्का. गावाबाहेर, बस जिथे दोनदा बदलावी लागते तिथल्या वृद्धाश्रमात ती दोन वर्षे होती. तिला नावे आठवत नसत. दिवस आठवत नसत. बारमाही थंडी वाजे आणि हाताची बोटे मिटलेली असत. दर गुरुवारी सर आणि काकू तिला गाडीत बसवून हीटर लावीत आणि अर्धा तास आसपास फिरवून आणीत. विसाव्या मिनिटाच्या सुमारास तिची मूठ उघडे. मग ती काकूंचा हात धरून म्हणे, "किती ऊब आहे गं तुझ्या घरात." तिला ते घर वाटे, आणि कोणीही तिची दुरुस्ती करीत नसे.

तेव्हा किल्ली गेली तर गुरुवार जाणार होता. सरांनी बाह्या सरसावल्या.

पहिले कारण, बटण. तपासले; निर्दोष. दुसरे कारण, तारा. त्याही निर्दोष, पण त्या तपासताना बटणांच्या पट्टीमागची एक दोरी निसटली आणि गरम-थंड करणारी कळ गरमच्या टोकाला अडकून बसली. सरांनी याची नोंद स्वतंत्र दोष म्हणून मनात केली आणि पुढे गेले. तिसरे कारण उरले, रिले: पंख्याची वीज जोडणारी आणि तोडणारी काड्यापेटीएवढी डबी. तिच्या आतली पट्टी चिकटली असावी. डबी डॅशबोर्डच्या पोटात, पार वर. तिच्याकडे हात पोहोचावा म्हणून सर छाती गाडीच्या उंबरठ्याच्या कडेवर टेकून, डावा हात खांद्यापर्यंत खणामागे घालून पाऊण तास आडवे पडले. बोटाचे टोक डबीला लागले. पकड काही बसली नाही.

डॅशबोर्ड उतरवायला एक दिवस लागला असता. उरला फ्यूज. सरांनी तो उपटला आणि पंखा थांबला. गल्लीत अचानक शांतता पसरली. सरांनी विजयी मुद्रेने गाडीभोवती फेरी मारली, काकूंना ब्रेक दाबायला सांगितला, आणि त्यांची मुद्रा उतरली. ब्रेकचे मागचे दिवे त्याच फ्यूजवर होते.

"मग तो फ्यूज लावूनच जाऊ या," काकू म्हणाल्या.

"अर्थात. ब्रेकच्या दिव्यांशिवाय गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे."

असा नियम ठरला: गाडी चालताना फ्यूज जागेवर, मग पंखा कितीही बोंबलो, गाडी थांबली की फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. नियमात एकही फट नव्हती.

ते दहाला निघाले. पंखा चौथ्या वेगावर, कळ गरमवर, आणि सर स्वेटर, कोट, मफलर यांच्या आत. खिडकी दोन बोटे उघडली की काकूंना खोकल्याची उबळ येई, म्हणून ती मिटली. कोट काढायचा तर गाडी थांबवावी लागली असती, आणि आज उशीर चालणार नव्हता. चालत्या गाडीत दोन्ही हात चाकावरच हवेत, हे सरांनी कधी मोडले नव्हते. आरशाला टांगलेला तापमापक एक्केचाळीस दाखवीत होता. पंख्याच्या आवाजावरून एकमेकांना ऐकू जावे म्हणून दोघेही ओरडत बोलत होती. पंधराव्या मिनिटाला बोलण्यासारखे काही उरले नाही, तरी सर अधूनमधून ओरडून तापमान सांगत राहिले.

साडेदहाला दोन मिनिटे असताना गाडी शाळेच्या फाटकाशी थांबली. सरांनी फ्यूज काढला, खिशात टाकला आणि दार उघडले. मुलीने पाहिले ते असे: सहा अंशांच्या थंडीत बाबांच्या हनुवटीवरून घाम निथळतो आहे, चेहरा विटेसारखा लाल आहे, आणि ते डावा हात उजव्या हाताने दाबून धरीत आहेत.

"बाबा, हात दुखतोय का?"

"दुखतोय," सर ओरडले. पंखा थांबल्याचे त्यांच्या घशाला अजून कळले नव्हते. "पण फक्त डावा."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. "आणि छातीत?"

सरांनी आयुष्यात प्रश्नाचे उत्तर चुकीचे दिले नव्हते. "छातीवर दाब होता. पाऊण तास. आता कमी आहे."

यानंतर त्यांना कोणी बोलू दिले नाही. काकूंनी दोनदा पंख्याचा उल्लेख केला, पण सर्वांना वाटले त्यांना वारा घालायला हवा आहे, आणि एका शिक्षिकेने वही घेऊन वारा घातलाही. शाळेच्या व्हॅनमध्ये सरांना आडवे करण्यात आले. इस्पितळात त्यांचे कपडे उतरवून पिशवीत भरण्यात आले, मागून उघडा असलेला झगा चढवण्यात आला, आणि छातीवर इतक्या तारा चिकटवण्यात आल्या की त्यांना जोडणीतल्या दोन चुका जागच्या जागी दिसल्या.

आलेख निर्दोष होता. डॉक्टरीणबाईंनी तरी दोन तास थांबायला सांगितले. मुलीला आता शाळेचे फाटक अडवून उभी असलेली गाडी आठवली. पाच मिनिटांवर तर होती; चालत जाऊन घेऊन येते, म्हणाली.

"थांब," सर म्हणाले. "गाडीबद्दल तुला सहा मुद्दे सांगायचे आहेत. पहिला मुद्दा. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पंख्याचं बटण मी शून्यावर आणलं—"

"बाबा, नंतर."

"क्रमानंच सांगावं लागेल, नाहीतर समजणार नाही. दुसरा मुद्दा. बटणात दोष नव्हता—"

मुलगी गेली. फ्यूजचा मुद्दा सहावा होता.

दहा मिनिटांनी काकूंचा फोन वाजला. मुलगी गाडीत बसून बोलत होती, आवाज दबलेला. पंखा तर बंदच आहे, ती म्हणाली. बटण शून्यावर आहे आणि पंखा बंद आहे. बाबा कुठल्या पंख्याबद्दल बोलत होते? मग तिने विचारले, मावशीचं अशाच गोष्टींपासून सुरू झालं होतं का गं? आणि निघते म्हणून फोन ठेवला.

काकूंनी फोन खाली घेतला आणि नवऱ्याकडे पाहिले. त्यांना पंखा माहीत होता. एक्केचाळीस अंश त्यांनीही सोसले होते. तरी त्या क्षणभर ज्या नजरेने बघत होत्या ती नजर सरांनी पूर्वी पाहिलेली होती. अक्काने पहिल्यांदा स्वतःच्याच घराचा पत्ता विचारला, त्या दिवशी.

"काय म्हणाली?"

"पंखा बंद आहे म्हणते."

"बंदच असणार. फ्यूज माझ्या—" सर ताठ बसले. तीन तारा निघाल्या आणि यंत्र किंचाळू लागले. "ब्रेकचे दिवे! अगं, तिला फोन लाव. सांग तिला, ब्रेक दाबू नकोस म्हणावं!"

घाईघाईत सांगितलेली ही त्यांच्या आयुष्यातली पहिली सूचना. काकूंनी फोन लावला.

मुलगी शिस्तीची होती. चालत्या गाडीत ती फोन घेत नसे. पिशवीतला फोन वाजताच तिने आरसा पाहिला, डावीकडचा दिवा दाखवला, रस्त्याच्या कडेला झाली आणि नियमाप्रमाणे ब्रेक दाबला. मागून बेकरीची गाडी येत होती. समोरची गाडी वळणार हे बेकरीच्या चालकाला दिसले होते. ती थांबते आहे, हे सांगणारे काही दिसले नाही.

लागले कोणाला नाही. पाव रस्त्यावर सांडले. सरांच्या गाडीची डिकी मागच्या सीटला येऊन भेटली.

मुलगी इस्पितळात परतली ती संतापून. बेकरीवाला म्हणे दिवे लागलेच नाहीत. भर रस्त्यात, चार लोकांसमोर धडधडीत खोटे. तिने त्याला सुनावले होते की ही गाडी तिच्या वडिलांची आहे, आणि ते दर रविवारी आईला ब्रेकवर बसवून मागचे दिवे तपासतात. गावात एकवेळ सूर्य उगवायचा राहील. बेकरीच्या मालकालाही फोन झाला होता. मालक म्हणाला होता, चूक चालकाची असेल तर उद्यापासून त्याने यायची गरज नाही.

सरांनी हे शेवटपर्यंत ऐकले. बाबांच्या बाजूने मुलगी इतके बोलली, त्याला बरीच वर्षे झाली होती. गप्प बसायला हा क्षण उत्तम होता. किल्ली वाचली असती. डिकी ठोकून निघाली असती. गुरुवार राहिला असता.

ते खाटेवरून उतरले, झगा मागून धरून कपाटापर्यंत गेले, पिशवीतून सदरा काढला आणि खिशातला फ्यूज मुलीच्या तळहातावर ठेवला.

"हे काय?"

"सहावा मुद्दा," सर म्हणाले. "तो बेकरीवाला खरं बोलतोय. मालकाला आत्ता फोन कर."

मुलीने फोन केला. फोनवर ती दोनदा क्षमा मागताना ऐकू आली. काकूंना आठवत होते त्याप्रमाणे या घरात हे नवे होते. परत आल्यावर ती खुर्चीत बसली आणि तिने तो इवलासा फ्यूज उलटसुलट करून पाहिला.

"बाबा, सहावा मुद्दा पहिला का नाही सांगितला?"

"तो सहावा होता," सर म्हणाले. आणि मग, ती पुढे काही विचारायच्या आत, "किल्ली तुझ्याकडेच राहू दे."

संध्याकाळी गॅरेजच्या अंगणात, उजेड सरता सरता, सरांनी फ्यूज पुन्हा जागेवर बसवला. अखेरची तपासणी केल्याशिवाय काम पुरे होत नाही. पंखा गप्प. किल्ली मुलीने फिरवली, पंखा गप्प. सरांनी बटण एकवर नेले, पंखा एकवर फिरला. दोन, तीन, चार. मग शून्य. पंखा अदबीने थांबला. मागून बसलेल्या धक्क्याने रिलेची चिकटलेली पट्टी सुटली होती.

काकूंनी चेपलेल्या डिकीवरून हात फिरवला. "थापटीच की ही," त्या म्हणाल्या. "जरा जोरात बसली."

सरांनी आरशाचा तापमापक सोडवून खिशात घातला.

गॅरेजवाल्याने गाडीचे वय विचारले, सांगाडा पाहिला आणि नकारार्थी मान हलवली; गाडी आता भंगारातच जाणार होती. मुलीने स्वतःहून सांगितले की तिचाही हात काही महिने चाकावर बसणार नाही. डोळे मिटले की तिला रस्त्यावरचे पाव दिसत होते.

पुढच्या गुरुवारी सर आणि काकू दोनदा बस बदलून वृद्धाश्रमात पोहोचली. अक्का कोट घालून खिडकीशी बसली होती. परिचारिका म्हणाली, मागच्या गुरुवारीही दिवेलागणीपर्यंत अशीच बसली होती. गाडी कुठे आहे, असे अक्काने विचारले नाही. गाडी तिला माहीतच नव्हती. तिने विचारले, "तुझ्या घरी नाही का जायचं?" काकूंनी तिची मूठ आपल्या शालीत घेतली. अर्धा तास झाला. सरांनी त्यावर आपला मफलर गुंडाळला. आणखी वीस मिनिटांनी मूठ उघडली, पुरती नाही, दोन बोटे.

परतीच्या बसमध्ये चालकाच्या डोक्यावर हीटरचा मोठा पंखा होता. बंद. सरांनी त्याच्याकडे दोन थांब्यांपर्यंत पाहिले. मग ते उठले, दांडीला धरून पुढे गेले, इकडेतिकडे बघितले, आणि तीस तुकड्यांकडे पाठ फिरवून पंख्याच्या कुशीत एक थापटी मारली. काही झाले नाही. ते जागेवर येऊन बसले आणि त्यांनी खिशातून तापमापक काढला.

सात अंश.