सुगंधेच्या शेवटी इन्स्पेक्टर आला, त्याची हकीकत

श्री ग्रंथदेवता प्रसन्न असो, वाचणाराची दृष्टी शाबूत असो, आणि पाळण्यात निजले लेकरू घटकाभर तैसेचि निजो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका गावी वाचनालय म्हणोन एक राज्य नांदत होते. त्या राज्यी मैथिलीबाईंनी सहा कादंबऱ्या वाचून जो खरा अभिप्राय दिला आणि त्यावरून जो प्रसंग गुदरला, तो ऐकिजे.

राज्याचा विस्तार म्हणाल तर वरच्या मजल्यावरील दोन खोल्या, अकरा कपाटे, एक लांब मेज आणि जिन्यापाशी चपलांचा तळ. गादीवर मंदाकिनीबाई ग्रंथपाल, बोलणे मृदू, परंतु कोणी पुस्तकाचे पान दुमडिले तर आवाज तोफेचा. त्यांचे उजवे हाती राज्याचे पंडितराव, म्हणजे भाऊसाहेब साटम, निवृत्त मुख्याध्यापक, अक्षर मोत्याचे, आणि मत मागितले नसता देण्याविषयी बहुत उदार. राज्यात रिवाज ऐसा की, प्रत्येक पुस्तकाचे अखेरीस एक कोरा कागद चिकटविलेला असे, वाचणाराने पुस्तक परत करतेवेळी त्यावर अभिप्रायाची एक ओळ लिहून खाली नावाची आद्याक्षरे घालावी, आणि महिन्याचे दुसरे रविवारी दुपारी सभा भरवून ग्रंथपालांनी त्या ओळी मोठ्याने वाचाव्या. परंतु मुलूख भिडस्त. खरे लिहावे तर लेखक कोणाचा साडू निघे, पुस्तक कोणी देणगी दिलेले निघे, म्हणोन समस्त कागदांवर 'उत्तम', 'वाचनीय', 'शेवट परिणामकारक' याखेरीज अक्षर नव्हते.

आता मैथिलीबाई कोण, तर महाविद्यालयी मराठी शिकवीत, एम.ए. पहिल्या वर्गात, आणि आठ महिन्यांमागे कन्यारत्न जाहले, तिचे पाळण्यातले नाव शर्वरी, परंतु राज्यकारभार ठमी या नावे चाले. ठमीबाईसरकारांची स्वारी रात्री तीन वेळा उठे आणि दिवसा चाळीस मिनिटे निजे, आणि मैथिलीबाई ती चाळीस मिनिटे श्वास चालतो की नाही हे नाकाशी बोट धरून पाहात. मग ऐसे होऊ लागले की, चष्मा शीतकपाटात सापडे, वरणात मीठ दोनदा पडे, आणि एके प्रातःकाली दूधवाला पिशवी देऊन खोकला, तो बाई त्यास म्हणाल्या, "आला ना ढेकर? शहाणं माझं ते." दूधवाला चार दिवस खाली मान घालून गेला. यजमान ओंकारराव हसून हसून लोळले, परंतु बाईंस हसू आले नाही. पौषात रजा सरणार, साठ पोरे वर्गात समोर बसणार, आणि आपण त्यांस काय शिकविणार? बुद्धी बाळंतपणात गेली, ती परत आली नाही, हे कोणास सांगावे? तेव्हा मनाशी पण केला की, निरनिराळ्या जातीच्या सहा कादंबऱ्या वाचाव्या, समजल्या तर रुजू व्हावे, न समजल्या तर राजीनामा धाडावा. आणि पण केला म्हणोन राजीनामा आधीच लिहून पिशवीत, लंगोटांचे खाली, घडी करून ठेविला.

पहिली स्वारी 'पैलतीरी सुगंधा' या प्रेमकादंबरीवर केली. बाईंस ठमी जाहल्यापासून एक सवय जडली होती ती ऐसी की, कोणतेही पुस्तक घेतले की आधी शेवटचे पान पाहावे, त्यात लहान मूल दगावत नाही अशी खातरजमा करावी, मगच पहिले पान उघडावे. सुगंधेचे शेवटच्या पानावर एक इन्स्पेक्टर पेला खाली ठेवीत होते, मूल कोठे नव्हते, म्हणोन बाई निर्धास्त जाहल्या. मग सुगंधा आणि श्रीधर यांची नदीकाठची भेट आली, आणि ताटातूट आली, आणि पत्रे आली, आणि पान एकशे ब्याण्णवावर सुगंधा केस मोकळे सोडून घाटावर निघाली, आणि पान एकशे त्र्याण्णवावर इन्स्पेक्टर धारप पिवळ्या बंगल्यातील कपाट उघडून विषाची बाटली हुंगते जाहले. बाईंनी पान मागे उलटिले, पुढे उलटिले, पानांचे आकडे एकामागोमाग बरोबर. सुगंधा मेली की काय? श्रीधर हाच धारप की काय? मागचा कागद पाहिला तो नऊ जणांची हस्ताक्षरे: भाऊसाहेबांचे 'शेवट अपेक्षित, तथापि परिणामकारक', उषाताई मोघ्यांचे 'शेवटाने हेलावून गेले'. नऊ जणांस कळले आणि आपणांस कळले नाही! बाईंनी पेन्सिलीने बारीक लिहिले की, 'शेवट मला समजला नाही. दोष माझाच असावा.' आणि पुस्तक परत करून घरी येऊन ठमीस पोटाशी धरून बसल्या. ओंकाररावांनी पुसिले, "काय गं, कोण मेलं पुस्तकात?" बाई बोलिल्या, "मीच."

परंतु पण सहा कादंबऱ्यांचा होता, आणि बाई अर्ध्यावर सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. आणि मनी ऐसा विचार आला की, बुद्धी गेलीच आहे तर आता भीड कोणाची धरावी? मग पुढील चार कादंबऱ्यांचे कागदांवर जे वाटले तेच शाईने लिहिले. आठशे पानांची ऐतिहासिक वाचून लिहिले की, 'लढाया उत्तम. राणीसाहेबांस तिसऱ्या प्रकरणी पुत्र होतो आणि चौथ्यापासून त्या तीन वर्षे घोड्यावर आहेत. मूल कोणापाशी? दूध कोण पाजी? लेखकाने आठशे पानांत एकदाही विचारले नाही.' मग भयकादंबरी आली, त्यात ओसाड घरी अदृश्य बाळाचे रडणे ऐकून सात माणसे पळतात, त्यावर लिहिले, 'भय वाटले नाही. सातांपैकी एकानेही उचलून घेतले नाही, याचा संताप आला. भाषा मात्र चांगली, पावसाचे वर्णन पुन्हा वाचले.' मग कौटुंबिक दुःखाची आली, तीत दर प्रकरणी एक नातेवाईक मरे, त्यावर लिहिले, 'चौथ्या मरणापर्यंत रडले. पुढे कोण उरले ते मोजीत बसले.' आणि पाचवी विज्ञानकादंबरी, तिची बाईंस सर्वांत धास्ती, कारण यंत्रांचे ज्ञान शून्य. परंतु तीत दूरच्या ग्रहावर गेलेला मुलगा आईस निरोप धाडितो आणि तो पोहोचण्यास एकोणीस वर्षे लागतात, आणि म्हातारी रोज सायंकाळी स्वयंपाक उरकून यंत्रापुढे केस विंचरून बसते, हे वाचून बाईंचे डोळ्यांतून पाणी थांबेना, आणि लिहिले, 'यंत्रे निम्मी कळली. आई पुरती कळली. सहांत हीच श्रेष्ठ, सहावी अजून वाचावयाची असली तरी.'

मग दुसरा रविवार आला आणि सभा भरली. ओंकारराव गावी गेले होते म्हणोन मैथिलीबाई ठमीस कडेवर घेऊन आल्या आणि दाराजवळची खुर्ची धरून बसल्या, की रडलीच तर पळता यावे. चिवडा आला, चहा आला, आणि मंदाकिनीबाई एकेक कागद वाचू लागल्या. 'उत्तम', 'वाचनीय', 'उत्तम' ऐसे होता होता राणीसाहेबांचे दूध आले, तो सभा एकदम जागी जाहली. ते पुस्तक भाऊसाहेबांचे आवडते. ते म्हणाले, "अहो, इतिहासात आता दुधाचे हिशेब ठेवायचे काय?"

मंदाकिनीबाई चष्म्यावरून पाहून बोलिल्या, "का नाही? घोड्यांची नावं दिलीयत की सतरा."

सभा हसली, आणि मागून कोणी म्हणाले, "भुताच्या बाळाला उचलून घ्या म्हणणारी ही कोण बाई आहे, तिला पुढे बसवा!" आणि मैथिलीबाईंचे मुखावर किंचित रंग आला, तोच मंदाकिनीबाईंनी सुगंधेचे पुस्तक उचलिले आणि मागील कागदावरील पेन्सिलीची ओळ वाचिली. दोष माझाच असावा.

भाऊसाहेब मोठ्या मायेने म्हणाले, "हे प्रांजळ आहे, आवडलं. बाई, अलीकडच्या कादंबरीला सांधे दिसायचे नसतात. सुगंधेच्या अंतर्मनात जी शोधक वृत्ती आहे ना, तिचं प्रतीक म्हणजे तो इन्स्पेक्टर."

उषाताई मोघे शेजारी सरकून म्हणाल्या, "अगं, मनावर घेऊ नकोस. डोकं जागेवर यायला वर्ष जातं. माझ्या पहिल्या वेळी मी कुकरला शिट्टी न लावता शिट्ट्या मोजत बसले होते." आणि मंदाकिनीबाईही बोलिल्या, "आज काहीतरी हलकं घेऊन जा हो," आणि 'पाचवा पेला' नावाची रहस्यकादंबरी हाती दिली.

बाईंनी घेतली. हीच सहावी. मनात राजीनाम्यावर तारीख घातलीसुद्धा. आणि सवयीने शेवटचे पान उघडिले, मूल मरते की काय पाहावे म्हणोन, तो तेथे लिहिले होते की, सुगंधेने ओंजळीतला दिवा पाण्यावर सोडिला आणि श्रीधरचा हात धरिला. पान एकशे ब्याण्णव काढिले, तेथे इन्स्पेक्टर धारपांनी कपाटाचे मुठीवर हात ठेविला होता. एकशे त्र्याण्णव काढिले, तेथे सुगंधा घाटावर बसून वेणी घालीत होती. ठमी पानाचा कोपरा तोंडात घालू पाहे, तो सोडविला आणि पुन्हा वाचिले. तीच वेणी. आता काय करावे? बोलावे तर नऊ जणांची हस्ताक्षरे विरुद्ध, पंडितराव विरुद्ध, आणि आपले डोळे तर चष्मा शीतकपाटात ठेवणारे. चुकलो तर भरसभेत शिक्का बसेल आणि तो स्वतःसही पुसता येणार नाही. न बोलावे तर राजीनामा पिशवीत आहेच. मग बाईंनी ठमीस खांद्यावर टाकिले आणि उठून उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब, एक विचारू?"

"विचारा की."

"या पुस्तकात इन्स्पेक्टर कपाट उघडतात आणि आत सुगंधा वेणी घालत बसलीय. ती त्यांच्या अंतर्मनातल्या कोमलपणाचं प्रतीक म्हणायची का?"

प्रथम कोणास उमजले नाही. मग मंदाकिनीबाईंनी दोन्ही पुस्तके मेजावर शेजारी ठेविली, आणि चार डोकी त्यांवर वाकली, आणि दोन्हींची पाने दोनशे छप्पन, दोन्हींचा आकार एक, अक्षराचा ठसा एक. आता कारण सांगणे प्राप्त. राज्यात बांधणीस पुस्तक बाहेर धाडीत नसत. नवरात्रापूर्वी एक दिवस सभासदांनीच खळ शिजवावी, दाभण-दोरा घ्यावा आणि खिळखिळी पुस्तके शिवून नवे पुठ्ठे चढवावे, हा पूर्वापार रिवाज. ही दोन पुस्तके गतवर्षी एकाच बैठकीत सुटी जाहली होती, अभिप्रायाचे कागदही तेव्हाच नवे चिकटविले होते, आणि दोहोंचे शेवटचे चौसष्ट चौसष्ट पृष्ठांचे गठ्ठे परस्परांचे घरी नांदावयास गेले होते. आणि पाठीवर लाल शाईचा क्रमांक मोत्यासारख्या अक्षरी, ते अक्षर कोणाचे हे पुसण्याची गरज नव्हती.

मंदाकिनीबाई म्हणाल्या, "उषाताई, तुम्ही हेलावून गेला होतात ना?"

"मी एकशेचाळीसपर्यंत वाचलं होतं," उषाताई पदर सारखा करीत बोलिल्या. "पुढचं सुनेनं वाचलं. ती म्हणाली, छान आहे."

"सून कुठवर वाचते?"

"आता तेही विचारायला हवं."

मग जो तो आपला आकडा सांगू लागला, कोणी साठ, कोणी शंभर, एकाने तर पुठ्ठ्यावरील मजकुरावरून लिहिले होते, आणि हास्याचा ऐसा कल्लोळ उठला की ठमी दचकून रडावयाची ती हसू लागली. भाऊसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढिला, पुसिला, परत घातला, आणि म्हणाले, "चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, धडा वाचून उत्तर लिहा. मी शेवट वाचला नव्हता. आणि खरं सांगतो बाई, लिहिताना मला वाटलं होतं की वाचलाय. ते प्रतीक मी मागं घेतो. दहा जणांत डोकं जागेवर असलेल्या तुम्ही एकट्या निघालात."

हे शब्द ऐकोन मैथिलीबाईंस जे जाहले ते बखरकारास पुरते लिहिता येत नाही. त्या खाली बसल्या, आणि पिशवीतून राजीनामा काढिला, आणि त्याचे बारीक बारीक तुकडे केले, आणि ते चिवड्याच्या रिकाम्या बशीत ठेविले. मंदाकिनीबाईंनी पाहिले आणि आणखी एक चहा सांगितला.

मग भाऊसाहेबांनी कपाटातून कातर आणविली, दोन्ही पुस्तकांचे दोरे आपल्या हाते उसविले, आणि सुगंधेची खरी चौसष्ट पृष्ठे बाईंपुढे धरून म्हणाले, "आधी तुम्ही वाचा, मग मी शिवतो. तोवर युवराज्ञींना इकडे द्या." बाईंनी क्षणभर विचार केला, त्यांचे हात धुतलेले आहेत की नाही ते पाहिले, मान कशी धरावी ते दोनदा सांगितले, आणि ठमी दिली. पंडितराव खिडकीपाशी तीस 'ये रे कावळ्या, ये रे चिमण्या' ऐसे स्वरचित म्हणू लागले, आणि ठमीने त्यांचा चष्मा हस्तगत केला, आणि मैथिलीबाई लांब मेजावर कोपर टेकून, नाकाशी बोट धरावयास एकदाही न उठता, दीड तास सलग वाचीत बसल्या. आठ महिन्यांत ऐसे सुख जाहले नव्हते. मग पेन्सिलीची ओळ खोडून टाकिली आणि तिचे खाली शाईने, ठळक, पूर्ण नावाची सही करून लिहिले की, 'खरा शेवट वाचला. इन्स्पेक्टरचा बरा होता.'

ऐसा हा प्रसंग घडला. मैथिलीबाई पौषात महाविद्यालयी रुजू जाहल्या, पहिले दिवशी वर्गास चुकून "शू शू" म्हणाल्या, आणि वर्ग चक्क गप्प बसला. पाचवा पेला कोणाचा, हे त्यांनी पाने ठिकाणी शिवलेले पुस्तक वाचून शोधिले, आणि कागदावर नाव फोडिले म्हणोन मंदाकिनीबाईंचा ओरडा खाल्ला. राज्यात अभिप्रायाची चाल तेव्हापासून पालटली. आता लोक 'पान एकशेचाळीसपर्यंत उत्तम' ऐसे बिनदिक्कत लिहितात, आणि कोणी मनास काही लावून घेत नाही. जे घडले ते इतुके, आणि सर्व खुशाल आहेत.