भिंतीवरचं माझं वर्तुळ

आमच्या अंगणातलं पानही मला विचारल्याशिवाय हलत नाही, असा माझा समज होता.

सूनबाई बागा आखते. तिचं म्हणणं, फावडं हातात घ्यायच्या आधी कशाचा कशावर परिणाम होतो ते मांडावं. मागाहून निस्तरत बसावं लागत नाही. इस्पितळाची बाग तिला द्यायची की नाही हे ठरवायला तिथल्या डॉक्टरीणबाई नमुना म्हणून आमचं अंगण बघणार होत्या. तेव्हा जेवणघराची भिंत कागदाने भरली. पाणी, माती, सावली, आमच्या ह्यांची सायकल, सगळ्यांना वर्तुळं आणि एकमेकांकडे धावणारे बाण.

"आई, तुम्ही अंगणात रोज काय करता?"

"काही नाही गं. मी कुणाच्या अध्यात ना मध्यात."

रोज सकाळी पाखरांना मूठभर दाणे घालायचे, त्यांनी टिपले की मगच आपण खायचं, हे माझं व्रत. पण ते सांगण्यासारखं वाटलं नाही. मी श्वास घेते हेही कुठे सांगितलं होतं!

तिने हिरवळीचं बी पेरलं. दुसऱ्या सकाळी पाखरं माझ्या दाण्यांकडे ढुंकून बघेनात. पोटं भरलेली! उन्हं कलल्यावर एका म्हाताऱ्या चिमणीने दया येऊन एक दाणा उचलला, तेव्हा मी जेवले. मग मी दाणे जरा चांगले आणले आणि पेरलेल्या मातीच्या कडेलाच टाकले. पाखरांनी गावभर वर्दी दिली. सूनबाई पुन्हा बी पेरी, मी पुन्हा दाणे टाकी. दोघी इमानाने पाखरं पोसत होतो, आणि घरात उपाशी मी एकटी.

"उडताना दम लागतो गं त्यांना," गुबगुबीत पाखरांकडे बघत हे म्हणाले.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा हिरवळ ह्यांच्या डोक्यासारखी झाली होती. कडेला चार केस, मध्ये लख्ख. सूनबाईचा चेहरा इतका उतरला, की मला राहवेना. पाहुणीसमोरच व्रताचं सगळं सांगून टाकलं.

सूनबाईने पेन घेतलं. भिंतीवर नवं वर्तुळ काढलं, आत लिहिलं 'आई'. माझ्यापासून पाखरांकडे बाण, पाखरांकडून बियांकडे, बियांकडून फिरून माझ्या रिकाम्या पोटाकडे.

"मी नुसतं विचारलं," ती म्हणाली. "एक दिवस सकाळी बसून बघायला हवं होतं."

डॉक्टरीणबाई भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचे रुग्ण खिडकीतून पाव टाकतात. काम तुम्हीच घ्या. पण आधी आठवडाभर येऊन नुसतं बसा."

आता बियांवर जाळी आहे आणि मी वेळेवर जेवते. त्या दिवशी डॉक्टरीणबाई गेल्यावर मात्र चष्मा लावून भिंत नीट पाहिली. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला जागा मिळाली होती खरी. गांडूळखत आणि मोरी यांच्या मधोमध.