मादेवीअक्कांची मोडकी भाकरी

आमच्या गल्लीत कुणाचं वाटोळं झालं की नातेवाइकांच्या आधी मादेवीअक्का पोचतात. आणि पोचतात त्या शिव्या देतच.

अक्का एकट्याच राहतात आणि कडक भाकऱ्या करून विकतात. पापडासारखी पातळ, वाळवून कडक केलेली ज्वारीची भाकरी. त्या थापायला बसल्या की गाडी आली समजून कुर्डुवाडी स्टेशनातले हमाल उठून उभे राहतात. रागही तसाच. सोलापूरचं ऊन आम्हा सगळ्यांना भाजून काढतं. अक्कांच्या अंगणातून मात्र चपला हातात घेऊन जातं.

वाळवताना काही भाकऱ्या मोडतात. त्या गिऱ्हाइकाला चालत नाहीत. अक्का त्या फडक्यात बांधून ठेवतात आणि गल्लीत कुणी आपटलं की गाठोडं घेऊन निघतात.

इक्बालभाईंची रिक्षा नाल्यात गेली. भाई कपाळाला हात लावून बसलेले. अक्कांनी गाठोडं त्यांच्या मांडीवर आदळलं.

"रिक्षा पडली, तू कशाला पडतोस? आमटीत कुस्कर, खा, आन् ऊठ!"

"अक्का, चाकच निकल गया ना..."

"तोंड तर न्हाय निखळलं की! कुस्कर!"

भाईंनी कुस्करली. संध्याकाळपर्यंत रिक्षा नाल्याबाहेर. तिला क्रेननं नव्हे, अक्कांच्या आवाजानंच वर काढलं असं माझं ठाम मत आहे.

माझं चहाचं दुकान बसलं, तेव्हा मी उशीत तोंड खुपसून पडलो होतो. अक्कांनी पांघरूण खेचलं. "मुडद्या, भांडी विसळल्याच्या पान्याला चहा म्हनून विकत हुतास. बुडंल न्हाय तर काय तरंगंल?" मग गाठोडं आपटलं. "मोडली म्हनून भाकरी टाकून देत न्हाईत. कुस्कराय सोपी जाती."

मी रागानं खाल्लं, रागानं उठलो आणि रागाच्या भरातच दुकान पुन्हा मांडलं. अजून चालतंय. चहाही आता चहासारखा लागतो.

यंदाच्या उन्हाळ्यात अक्का मोरीत घसरल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हात वळेना. हात नाही तर भाकरी नाही, भाकरी नाही तर अक्का कसल्या? त्यांनी दार लोटून घेतलं. आतून थाप, थाप ऐकू यायची, मग काहीतरी भिंतीवर आदळायचं आणि अक्का गरजायच्या, "मोडली? परत थाप, सटवे!"

सटवी म्हणजे त्या स्वतःच.

सगळी गल्ली दाराला कान लावून उभी. आत जायला कुणी तयार नाही. "जा की तुमी," "आधी तुमी," असं चाललेलं. माझं डोकंच फिरलं. फुकटच्या भाकऱ्या खाताना कसे सगळे पुढे होते!

घरी जाऊन मी जन्मात पहिल्यांदा ज्वारीचं पीठ मळलं. भाकरी झाली ती जिल्ह्याच्या नकाशासारखी, मंगळवेढ्याकडून करपलेली, अक्कलकोटाकडून कच्ची. उचलताना तिचे तालुके सुटे झाले. ते फडक्यात बांधले, आमटीची वाटी घेतली आणि अक्कांचं दार ढकललं.

जमिनीवर तुकड्यांचा सडा. मधे अक्का, कोपरापर्यंत पीठ. मी गाठोडं आदळलं आणि डोळे मिटून ओरडलो, "हात पडला, तुम्ही कशाला पडता? कुस्करा, खा, आन् उठा!"

दाराला लावलेले सगळे कान दोन पावलं मागे सरकले.

अक्कांनी एक तुकडा उचलून पाहिला. "ही भाकरी हाय का पत्रा?"

मग डाव्या हातानं ती आमटीत कुस्करली. मान खाली घालून, करपलेल्या कडांसकट सगळी खाल्ली. वाटी पुसून झाली, पण मान काही वर येईना. शेवटी पदरानं नाक पुसलं आणि गरजल्या,

"इतके दिवस कुटं मेला हुतास?"