मास्तरांच्या परसातलं जंगल

बुरुलनं सोमवारीच नवऱ्याला निकाल देऊन टाकला होता. "रविवारी मुलाकडचे लोक आपल्या मेरिमच्या कानात साखरपुड्याची कर्णफुलं घालायला येणार. लोकरी नमद्याचा तंबू परसातच लागला पाहिजे. आता तिथं तंबू लावायचा की लांडगे पाळायचे, ते तुम्ही ठरवा."

दोलोत मास्तर मागच्या दारात उभे राहिले. अकरा वर्षं त्यांनी परसाकडे बघायचंच टाळलं होतं. सरोवराकाठी माजणारी चिचिरकानाकची काटेरी झुडपं छातीपर्यंत आली होती. त्यांच्यामध्ये जुन्या सामूहिक शेतीच्या काळातला एक ट्रक चाकांवाचून बसला होता. सुटे भाग विकू म्हणून मास्तरांनी तो आणला, पण आजवर त्याचा एक स्क्रूसुद्धा कुणी मागितला नव्हता.

तरी मास्तर पडले गणिताचे. त्यांनी पावलं मोजली, कागदावर भागाकार केला आणि जाहीर केलं, "शुक्रवारी दुपारच्या चहाआधी परस मोकळं."

शुक्रवारी दुपारच्या चहापर्यंत एक सतरंजी पसरण्याइतकी जागा मोकळी झाली होती, आणि मास्तरांना हातात चमचा धरवत नव्हता.

शनिवारी सकाळी बुरुल बहिणीकडे ताटं-वाट्या उसन्या आणायला गेली आणि शेजारचा जुमाश ट्रॅक्टर घेऊन आला. "आबा, हातानं काय खरवडत बसलात? ट्रक ओढला की निम्मं परस रिकामं. बांधा साखळी!"

मास्तरांनी साखळी बांधली. मेंढ्यांच्या गोठ्याचा कुजका वासा कधीपासून त्या ट्रकच्या टपावर टेकून उभा होता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ट्रक हातभर सरकला आणि त्याच्यामागे गोठा खाली बसला; दमलेला म्हातारा बसतो तसा, सावकाश, कण्हत. मातीच्या विटा शेजारच्या पाटात गेल्या, पाट तुंबला आणि पाणी सरळ परसात शिरलं.

"नशीब, मेंढ्या डोंगरावर चरायला गेल्यात," जुमाश म्हणाला. मग त्यानं डोकं खाजवलं. "आबा, डिझेल संपलं वाटतं. घेऊन येतो." आणि डिझेल संपलेला तो ट्रॅक्टर बघता बघता गल्लीच्या टोकाला दिसेनासा झाला.

मास्तर एकटेच विटा उपसू लागले. काट्यांनी विजार फाटली म्हणून कमरेला पोतं गुंडाळलं, तोंडाला ओरखडे नकोत म्हणून बुरुलचा रुमाल बांधला. गुडघाभर चिखलात ते असे उभे असताना दारात एक जीप थांबली. तिच्यातून इस्त्रीचा शर्ट घातलेला एक जाडजूड माणूस उतरला.

"ओ दादा, दोलोत मास्तरांचं घर हेच ना? उद्या साखरपुडा आहे ते?"

मास्तरांनी रुमाल नाकापर्यंत ओढला. "हेच."

"मास्तर आहेत घरात?"

"नाहीत," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. "मी मजूर. आणि आपण?"

पाहुण्यानं जीपकडे पाहिलं. "मी... ड्रायव्हर. मुलाकडच्यांचा. मालक म्हणाले, पुढं जाऊन रस्ता बघून ये."

मास्तरांना हायसं वाटलं. ड्रायव्हर मात्र हलेना. कोसळलेल्या गोठ्याकडे बघत त्यानं च्च च्च केलं. "हा वासा काय हातानं निघतोय? थांबा, जीप लावतो."

"अहो, राहू द्या, चिखल आहे."

"चिखलात घालायला नाही, तर जीप घेतात कशाला?"

वासा निघाला. त्याच्या बदल्यात जीप दारांपर्यंत रुतली. ड्रायव्हरनं शर्ट काढून झुडपावर टाकला, फावडं उचललं आणि दोघं चाकं उकरायला लागले.

"हे मास्तर माणूस कसे आहेत?" ड्रायव्हरनं विचारलं.

"देवमाणूस!" मास्तर म्हणाले. "हुशार. कष्टाळू."

ड्रायव्हरनं परसावरून एक नजर फिरवली. "कष्टाळू?"

"आणि तुमचे मालक?"

"राजा माणूस. घरात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा."

तासाभरात चाकं आणखी वीतभर खाली गेली. दोघंही ट्रकच्या टपावर जाऊन बसले. मास्तरांनी खिशातली तळलेल्या कणकेची बोरसोकं काढून निम्मी पुढं केली.

"खरं सांगू का," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "त्या मास्तरला काडीचं काम येत नाही. ही पोर मात्र सोनं आहे. ती गेल्यावर हे घर त्याला खायला उठेल. परसामुळं तिची मान खाली जाऊ नये, एवढ्यासाठी धडपडतोय बिचारा."

ड्रायव्हर बोरसोक चघळत राहिला. "आमच्या मालकाचा शब्द शेवटचा असतो, कारण तो 'बरं' असा असतो. बाईंनीच धाडलंय मला, माणसं कशी आहेत ते गुपचूप बघून ये म्हणून. मालकाला तीन रात्री झोप नाही. मुलीकडचे शिकलेले, आपण घोडी पाळणारे, आपल्याला हसतील म्हणतो."

"हसतंय कोण!" मास्तर कळवळून म्हणाले.

तेवढ्यात बुरुल ताटांचा भारा घेऊन आली. तिनं गोठा पाहिला, जीप पाहिली, पोतं पाहिलं आणि तिचा आवाज चार घरं ओलांडून गेला. "अहो मास्तर! काय हे? पोरीचे सासू-सासरे उद्या येणारेत आणि तुम्ही माझा रुमाल बांधून बसलात? आणि हे कोण, ध्यान?"

ड्रायव्हरनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली. त्याच वेळी जीपमधला फोन वाजू लागला. ड्रायव्हरचे दोन्ही हात चिखलानं माखलेले. बुरुलनंच वाकून बटण दाबलं. आतून एका बाईचा खणखणीत आवाज आला. मुलाच्या आईचा हा आवाज बुरुल महिनाभर फोनवर ऐकत होती.

"एसेनकुल! पोचलात का? व्याह्यांना दिसला नाहीत ना? घर कसंय? माणसं कशी आहेत?"

आता मान खाली घालायची पाळी ड्रायव्हरची, म्हणजे खुद्द मालक एसेनकुलची होती. बुरुलच्या हातातलं वरचं ताट निसटून चिखलात पडलं. एसेनकुलनं घसा साफ केला.

"व्याही काही भेटले नाहीत गं. एक मजूर भेटला. त्याला मुलगी असती ना, तर मी तुला न विचारता सोयरीक करून टाकली असती."

"मजुराशी कसल्या गप्पा मारताय? मास्तरांना गाठा!"

"गाठतो. आणि उद्या येताना फावडी आण. असतील तेवढी."

"जीप रुतवलीत ना?" बाई म्हणाल्या.

"बरं," एसेनकुल म्हणाला.

रविवारी मुलाकडची नऊ माणसं आली ती फावडी खांद्यावर टाकून. दुपारी तीन वाजता तंबू उभा राहिला, जरासा तिरका. मेरिमच्या कानात कर्णफुलं घातली तेव्हा तंबूतल्या सगळ्यांच्या नखांत चिखल होता, व्याहीणबाईंच्यासुद्धा.