मुनीरभाईंच्या डब्याचं वजन

मुनीरभाई कुणाला नाव विचारत नाहीत. वरून खालपर्यंत एकदा बघतात आणि वजन सांगतात. माझे मेहुणे पहिल्यांदा आमच्या डाळमिलवर आले. मी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात भाई म्हणाले, "एकाहत्तर. चपलेसकट." मेहुण्यांना लगेच पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. बरोब्बर एकाहत्तर! मेहुणे असे हबकले की परत मिलमध्ये फिरकले नाहीत.

लातूरच्या आमच्या मिलच्या गेटवर भुईकाटा आहे, अख्खा ट्रक तोलणारा. अठ्ठावीस वर्षं तो भाईंच्या ताब्यात. भरल्या गाडीत ड्रायव्हर बसून राहिला की तुरीत त्याचंही वजन धरलं जातं, म्हणून भाई खिडकीतून ओरडतात, "आधी खाली उतर, मंग बोल!" तोंडात इतकं बसलंय की पुतण्याच्या लग्नात घोड्यावरच्या नवरदेवालाही तेच म्हणाले. पोरगा उतरला!

गेल्या वर्षी मालकांच्या धाकट्या सूनबाई कारभारात आल्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. त्यांनी जाहीर केलं, मिलमध्ये कर्मचारी आरोग्य समिती हवी. आम्ही सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागलो. आणि भाईंचा हात वर! त्या माणसानं पगारवाढ मागायलाही कधी हात वर केला नव्हता. ते अध्यक्ष झाले. मी हसलो, म्हणून मी सचिव.

वहिनींच्या मनात योगासनं होती. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळा स्टाफ भुईकाट्यावर. एकवीस माणसं, चौदाशे वीस किलो. पावती छापून थेट वहिनींच्या टेबलावर. गाडी नंबरच्या जागी 'स्टाफ', मालाच्या रकान्यात 'मिक्स'.

"भाई, यातनं आरोग्य कसं कळणार?" वहिनींनी कपाळाला हात लावला.

"मंग डबे तोलू, वहिनी. कोण जेवतंय, कोण न्हाई, लगेच कळतंय."

झालं. जेवायच्या आधी प्रत्येकाचा डबा छोट्या काट्यावर, जेवल्यावर पुन्हा. फरक म्हणजे पोटात गेलेलं. वही भाई स्वतः लिहायचे, पहिला डबा अध्यक्षांचा.

तिसऱ्याच दिवशी निलंग्याहून येणारे बिराजदार सापडले. डबा आधी दीड किलो, नंतरही दीड किलो. "डबा फिरायला आणता व्हय बिराजदार?" भाईंनी विचारलं. कळलं ते असं, की बिराजदार रोज स्टँडवर भजी हाणून यायचे आणि बायकोनं दिलेला डबा परतीच्या वाटेवर कुत्र्याला घालायचे. वहिनींनी हे सभेत वाचून दाखवलं. आम्ही पोट धरधरून हसलो. बिराजदार आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत.

महिना सरला आणि अहवालासाठी वही माझ्याकडे आली. तोही सभेत वाचला जाणार होता. मी पहिलं पान उघडलं आणि कपातला चहा सदऱ्यावर. पहिलंच नाव मुनीरभाईंचं. जेवणाआधी एक किलो दोनशे. जेवणानंतर एक किलो दोनशे. पानं उलटली. महिनाभर तेच!

खोटं कशाला सांगू, मला हसण्याच्या उकळ्या फुटल्या. भाई रोज केबिनचं दार लोटून जेवायचे, ते याच्यासाठी! वही घेऊन धावतच गेलो. "भाई, आधी खाली उतरा, मंग बोला!"

भाई हसले नाहीत. त्यांनी डबा पुढे ओढून उघडला. आत फडक्यात गुंडाळलेलं अर्धा किलोचं लोखंडी वजन.

मी वही मिटली.

"बेगमला जाऊन दीड वर्ष झालं, शिंदेसाब. सायकलच्या हँडलला डबा दिसला न्हाई की लोक इचारतेत. रिकामा लावला तर खडखड वाजतो. म्हणून हे."

मातीला आम्ही सगळे गेलो होतो. डब्याचा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

"अहो, मग वहीत शे-दोनशे ग्रॅम कमी लिहायचं!"

मी शिवी दिल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काट्यावर बसून?"

मग वहीकडे बघत हळूच म्हणाले, "सभेत वाचतील का?"

अहवालात मी लिहिलं, 'अध्यक्षांच्या डब्याची नोंद पुढील महिन्यापासून.' वहिनींनी ती ओळ वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या नावाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी मी माझा डबा काट्यावर आदळला. आत बायकोनं दिलेल्या चार भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. काटा दोन किलोच्या वर गेला.

"ओव्हरलोड हाय, भाई."

भाईंनी आकडा वाचला. मग गेटवरच्या आवाजात म्हणाले, "ओव्हरलोड गाडी सोडता येत न्हाई. माल उतरवा."

त्यांनी आपल्या डब्यातलं लोखंडी वजन काढून खणात ठेवलं. मी निम्मा माल त्यांच्या डब्यात उतरवला, भाईंनी तो तोलला.

जेवण झाल्यावर त्यांनी डबा पुन्हा तोलला आणि वही ओढली. फरक, चारशे दहा ग्रॅम. लिहून झालं तरी पेन हातातच होता.

"शिंदेसाब."

"बोला भाई."

"भाभींना सांगा, उद्याच्याला मीठ जरा जास्त."