चंपावतीबाईंच्या डोहाळ्याची भाजी आणि आऊसाहेबांचा घास

श्रीअन्नपूर्णा जागी असो, चुलीस आंच असो, आणि वाचणाराचें पोट आधींच भरलेलें असो. शके सोळाशें अठ्ठ्याण्णव, दुर्मुख नाम संवत्सरीं, पौषमासीं, या राज्यांत पालेभाजीपायीं जो प्रसंग गुजरला तो जैसा घडला तैसा लिहिला आहे. नांवें ठेवणारांनीं खुशाल ठेवावीं, लिहिणारास त्याची सवय आहे.

राज्याचे धनी सरहद्दीच्या मोहिमेवर गेले होते आणि कारभार त्यांच्या मातोश्री आऊसाहेब पाहत होत्या. राजांनीं मागील सालीं पूर्वसमुद्रापलीकडील मुलखांतील कन्या वरून आणिली, येथील रिवाजाप्रमाणें तिचें नांव बदलून चंपावतीबाई ठेविलें, आणि आतां बाईसाहेबांस पांचवा महिना लागला होता. निघतेसमयीं राजे म्हणाले, "आईसाहेब, हिला तुमच्या ओटींत ठेवून जातों." आऊसाहेबांनीं "बरें" म्हटलें आणि तेव्हांपासून त्यांचे डोळ्यास डोळा लागला नाहीं. कारण त्या स्वतः समोर उभ्या राहून वाढवीत, तरी बाईसाहेब ताटास हात लावीत नव्हत्या. दासीच्या हातची पेज घोटभर घेत, बाकी वाढलेलें ताट तैसेंच परत जाई. गाल बसले, मनगटींच्या बांगड्या कोपराकडे सरकूं लागल्या. त्रिंबक वैद्य नाडी पाहून म्हणाले, "आऊसाहेब, औषध मजपाशीं आहे, भूक नाहीं. ऐसेंच चालिलें तर दोन्ही जीवांचें मी कांहीं सांगूं शकत नाहीं." गडांस वेढे पडलेले आऊसाहेबांनीं पाहिले होते, परंतु आंतलें माणूस आपण होऊन उपाशी राहतें तेथें काय करावें हें त्यांस कोणी शिकविलें नव्हतें. मग त्यांनीं नेम धरिला कीं सून जेवल्यावांचून आपण जेवणार नाहीं, आणि फळादुधावर राहून त्या रोज सुनेच्या ताटासमोर पहिल्याहून अधिक वेळ उभ्या राहूं लागल्या.

सासूनें सुनेचे डोहाळे पुरवावे हा येथील पक्का रिवाज. तेव्हां डोहाळा पुसिला. बाईसाहेब तोडक्या बोलीनें म्हणाल्या, "पाला. माझ्या गांवचा." त्यांनीं माहेरून आणिलेलें बीं बागेंत पेरिलेलें होतें आणि वाफे भरून आले होते: एक पाला पांढऱ्या जाड देठाचा, चमच्यासारख्या पानांचा, दुसरा सडसडीत हिरव्या देठाचा, शेंड्यास पिवळ्या कळ्या. आऊसाहेबांस हायसें जाहलें. मुदपाकखान्याचे मुख्य बाळंभट, त्यांस बोलावून हुकूम केला आणि बाळंभट उपरण्याचा पदर खोंचून मोहिमेस निघाले. त्यांनीं राजघराण्यास शोभतील म्हणून सर्वांत थोराड पानें निवडिलीं. कळ्यांचा पाला पाहून म्हणाले, "ही फुलावर गेली, जून झाली, गाईंस घाला." पांढरे देठ कापून तेही गाईंकडे धाडिले. मग पानें बारीक चिरून, तुरीची डाळ आणि शेंगदाणे घालून, रवीनें घोटून, बेसन लावून, वर झांकण देऊन पातळ भाजी रटरट शिजविली. अळूची करावी तैसी केली, आणि अळूस ती फारच उत्तम जाहली असती. बाईसाहेबांनीं ताटाकडे पाहिलें, मग समोर उभ्या आऊसाहेबांकडे पाहिलें, बहुत वेळ पाहिलें, आणि हात मांडीवर ठेवून मान खालीं घातली.

दुसरे दिवशीं बाळंभटांनीं गूळ घालून आणखी मऊ शिजविली. पुन्हा तेंच, पुन्हा तीच नजर. ती नजर आऊसाहेबांस कांट्यासारखी बोचूं लागली. 'ही मजकडे ऐसी कां पाहते? मी इचें काय वांकडें केलें?' आणि त्यांतच जासूद आला कीं राजे फत्ते करून परतीस निघाले. सारा वाडा आनंदला आणि आऊसाहेब देवघराचें दार लावून रडल्या. वाफ्यांत पाला थोडाच उरला होता.

सकाळीं मात्र त्या डोळे पुसून उठल्या आणि बाळंभटांस म्हणाल्या, "जिचा पाला तिलाच कां विचारीत नाहीं आपण?"

"आऊसाहेब, परमुलखांतल्या सूनबाई! चुलीपाशीं कशा येतील?"

"नाहीं आली तर राहूं द्या. शेगडी मागल्या पडवींत आणा. चूल सुनेपाशीं जाईल."

"सोवळें मोडेल, आऊसाहेब!"

"मोडूं द्या. तें पुन्हा होईल. नातवंड कोठून आणूं?"

मग शेगडी पडवींत आली आणि बाईसाहेब भिंतीस धरीत धरीत आल्या, आणि बाळंभटांनीं मांडिलेल्या थोराड पानांस ओलांडून थेट गाईंपुढल्या त्या सकाळच्याच ढिगाकडे गेल्या. तेथून कळ्यांचा पाला उचलिला, फूल उमललेला तेवढा टाकिला, आणि देठ नखानें मोडून पाहिला. कट् वाजला तो घेतला. पांढऱ्या देठाच्या गड्ड्या वाफ्यांतून वीतभर उंचीच्याच उपटविल्या, उभ्या चिरिल्या, आणि देठाच्या बुडाशीं दडलेली माती पाणी बदलून बदलून धुतली. पानें एकाच पाण्यांत विसळलेले बाळंभट ती माती पाहून दुसरीकडे पाहूं लागले. मग कढई धूर येईतों तापविली, तेल, ठेंचलेला लसूण, आधीं देठ, मागाहून पानें, मीठ, आणि बाळंभट "झांकण! झांकण!" म्हणत धांवून येईतों भाजी उतरलीही. चुलीवर गेली त्याहून हिरवी होऊन उतरली.

"कच्ची आहे!" बाळंभट म्हणाले. "गर्भारशीस कच्चें घालतां?"

तेथेंच उभ्या त्रिंबक वैद्यांनीं हात जोडिले, परंतु कोणास जोडिले तें त्यांसही ठाऊक नसावें.

ताट मांडिलें. बाईसाहेब बसल्या. आणि हात मांडीवर ठेवून त्यांनीं पुन्हा आऊसाहेबांकडे पाहिलें. तेव्हां आऊसाहेबांचा धीर सुटला. "आतां तर तुझी भाजी, तुझ्याच हातची! आणखी काय हवें ग तुला? काय करूं मी?" म्हणून त्या चाकरांदेखत मोठ्यानें रडूं लागल्या.

बाईसाहेब घाबरून म्हणाल्या, "आई, तुम्ही आधीं. माझ्या गांवीं मोठे आधीं खातात. मोठे उभे, लहान कसें खाणार? रोज थांबतें मी. तुम्ही बसतच नाहीं."

सून जेवेल म्हणून सासू थांबली होती आणि सासू जेवेल म्हणून सून.

यजमान थोरले महाराज वारल्यापासून आऊसाहेबांनीं विधवेच्या नेमानें लसूण तोंडांत घातला नव्हता. त्या सुनेशेजारीं जमिनीवर बसल्या, तिच्याच ताटांतला एक देठ उचलून तोंडांत घातिला आणि चावूं लागल्या. बाळंभटांनीं डोळे मिटले. घास गिळून आऊसाहेब म्हणाल्या, "मीठ अंमळ कमी आहे."

बाईसाहेब या राज्यांत आल्यापासून प्रथम हंसल्या, आणि जेवूं लागल्या, आणि ताट पुसून जेवल्या, आणि आणखी मागितलें.

सारांश, राजे आले, पुढें कन्या सुखरूप जाहली, आणि त्या मोहिमेंत जिंकिलेला मुलूख चार सालांत परतही गेला. पाला मात्र दर हिंवाळीं पेरितात. पहिला घास आऊसाहेबांचा, आणि तोंवर सून आणि नात हात आवरून त्यांच्या तोंडाकडे पाहत बसतात. ती नजर आतां त्यांस बोचत नाहीं. त्या मुद्दाम सावकाश चावतात. इति.